विद्यापीठाचे दार आणि बाबासाहेबांचा आराखडा

आपल्या विहाराची स्मरणिका निघाली की तीत नालंदा-तक्षशिलेवर एखादा लेख असतोच. असावाही. चिनी भिक्खू ह्युएन त्संग सातव्या शतकात नालंदेला राहिला. त्याने लिहून ठेवले आहे की, महाविहाराच्या दाराशी पंडित बसत, येणाऱ्याला कठीण प्रश्न विचारीत आणि दहांतले सात-आठ जण तिथूनच माघारी जात. हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. मलाही अभिमान आहे. पण खरं सांगायचं तर माघारी गेलेल्या त्या सात-आठ जणांचं पुढे काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कारण शेकडो वर्षे दारातून माघारी गेलेल्यांची आपण लेकरं आहोत. आपल्याला तर कुणी प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

म्हणून यंदा नालंदेपेक्षा जवळच्या एका विद्यापीठाविषयी लिहायचे ठरवले. ते म्हणजे आपले मुंबई विद्यापीठ. त्याला तसेच निमित्त आहे. आज वस्तीतल्या ज्या घरात कॉलेजला जाणारं मूल आहे, त्या घरात रोज एक नवा शब्द येतो. कुणी म्हणतं पदवी आता चार वर्षांची झाली, कुणी म्हणतं आमचं कॉलेज स्वायत्त झालं, कुणी म्हणतं आमचं कॉलेज मुंबई विद्यापीठातच राहिलं नाही. आई-बाप ऐकतात आणि "तू शीक म्हणजे झालं" म्हणून गप्प बसतात. परंतु विद्यापीठाची घडी मोडून नवी बसवण्याचा हा काही पहिला प्रसंग नाही. शंभर वर्षांपूर्वी हेच विद्यापीठ अशाच वळणावर उभे होते आणि त्या वेळी ते कसे असावे याचा विचार करणाऱ्यांत तेहतीस वर्षांचा एक तरुण होता. विलायतेहून परतून त्याला जेमतेम दीड वर्ष होत होते. त्याचे नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांनी संविधान लिहिले हे लहान पोरालाही ठाऊक असते. विद्यापीठ कसे चालवावे याचाही त्यांनी बारकाईने विचार केला होता, ही गोष्ट मात्र आपल्या भाषणांतून फारशी ऐकू येत नाही.

थोडे मागे जावे लागेल. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले. त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रासलाही विद्यापीठे झाली. तिन्हींचा नमुना होता लंडन विद्यापीठाचा, आणि त्या वेळचे लंडन विद्यापीठ स्वतः शिकवत नसे, परीक्षा घेत असे. तेव्हा आपल्याकडेही तेच झाले. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने प्रश्नपत्रिका काढायच्या, निकाल लावायचे आणि पदव्या वाटायच्या. १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, तिला १३२ जण बसले आणि २२ पास झाले. १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत रानडे आणि भांडारकर होते. मोठी माणसे खरीच. पण एवढ्या मोठ्या इलाख्याचे विद्यापीठ म्हणजे तेव्हा किती अरुंद दार होते, हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

त्या दारावर पहिली थाप मारली ती महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शेतकऱ्यांकडून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळू नका, हा त्यातला भाग पुष्कळांना माहीत आहे. त्याच निवेदनात विद्यापीठाविषयीही एक छोटा मुद्दा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. घरी अभ्यास करणाऱ्या खाजगी विद्यार्थ्याला मॅट्रिकच्या परीक्षेला बसू देण्याची सवलत विद्यापीठाने दिली होती. जोतीरावांनी तिचे स्वागत केले आणि हीच सवलत वरच्या परीक्षांनाही लागू करा, असे सुचवले. म्हणजे ज्याला कॉलेजात जाऊन बसणे परवडत नाही, त्याने पोटापाण्याचा धंदा सांभाळून घरी अभ्यास करावा आणि पदवी मिळवावी. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकला निघाले ते १९८९ साली. जोतीरावांना ही गोष्ट शंभर वर्षे आधी सुचली होती. सुचली, कारण दाराबाहेर कोण उभे आहे हे त्यांना दिसत होते.

१९०४ साली लॉर्ड कर्झनने विद्यापीठांचा कायदा केला. त्याने सिनेटमध्ये सरकारनियुक्त सभासदांचा भरणा झाला. पुढे पहिले महायुद्ध संपले, कलकत्ता विद्यापीठाची चौकशी करणाऱ्या सॅडलर आयोगाचा अहवाल १९१९ साली आला आणि सगळीकडे एकच बोलणे सुरू झाले की विद्यापीठाने नुसत्या परीक्षा घेऊन चालणार नाही, शिकवले पाहिजे. ढाका, लखनौ इथे नवी शिकवणारी विद्यापीठे उभी राहिली. त्यातच माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी शिक्षणखाते हिंदी मंत्र्यांच्या हाती आले. आता मुंबईचे काय करायचे, हा प्रश्न आला. त्यासाठी सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली १९२४-२५ मध्ये विद्यापीठ सुधारणा समिती बसली. सेटलवाड हेच तेव्हा कुलगुरू होते.

इथे एक योगायोग नोंदवून ठेवतो. त्याच वर्षी, २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि तिचे अध्यक्षही हेच सर चिमणलाल सेटलवाड होते. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब. म्हणजे एकीकडे परळच्या दामोदर हॉलमध्ये बसून गिरणी कामगारांच्या पोरांसाठी वाचनालय आणि वसतिगृह कसे काढता येईल याची चर्चा चालू होती, आणि दुसरीकडे समितीची ५४ प्रश्नांची लांबलचक प्रश्नावली टेबलावर होती. सभा स्थापन होऊन महिनाही उलटला नव्हता, तोच ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी त्या प्रश्नावलीला लेखी उत्तर दिले. सभेने सोलापूरला वसतिगृह काढले ते पुढच्याच जानेवारीत. वसतिगृह आणि विद्यापीठ ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी हातात धरली होती, हे विसरता कामा नये. माझ्या मते सबंध गोष्टीची किल्ली इथेच आहे.

त्या उत्तरात काय आहे? मूळ इंग्रजीत आहे. मला समजले तसे सांगतो. विद्यापीठातले शिक्षण प्रौढ माणसाला शोभेल असे असावे, शास्त्रीय आणि निःपक्षपाती असावे. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती कोंबणे हे विद्यापीठाचे काम नव्हे. त्याला स्वतः विचार करायला लावणे, मोठमोठ्या ग्रंथकारांनासुद्धा पारखून घ्यायला शिकवणे, आणि सत्यापर्यंत पोचणे किती अवघड आहे नि किती मोलाचे आहे, याची जाणीव त्याला करून देणे, हे ते काम. हे वाचताना कुणाला कालाम सुत्त आठवले तर नवल नाही. बाबासाहेबांनी तिथे बुद्धाचे नाव घेतलेले नाही, तेव्हा मीही ते ओढूनताणून जोडणार नाही.

पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवतात. परीक्षा हेच ज्या विद्यापीठाचे सर्वस्व आहे, तिथे ना उच्च शिक्षण वाढेल ना संशोधन. मग उपाय काय? त्या काळी पुष्कळ विद्वानांचे म्हणणे असे पडे की पदवीपर्यंतचे शिक्षण कॉलेजांकडे राहू द्या आणि त्यापुढचे, म्हणजे एम.ए. वगैरे, विद्यापीठाने स्वतःकडे घ्यावे. ऐकायला बरे वाटते. बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. असे केल्याने शिकवणे एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे अशी ताटातूट होईल, आणि शिकवण्यापासून तुटलेले संशोधन वाळून जाईल, असे त्यांचे म्हणणे. त्यापेक्षा कॉलेजांनाच विद्यापीठात बरोबरीच्या नात्याने सामील करून घ्या. मुंबईतली कॉलेजे एकमेकांकडे पाठ फिरवून बसली आहेत, प्रत्येक कॉलेजात एकच प्राध्यापक सगळा विषय आटोपतो. त्यांनी एकत्र येऊन कामाची वाटणी केली तर जो ज्या शाखेत जाणकार आहे तो ती शिकवील आणि शहरातल्या सगळ्या मुलांना त्याचा लाभ होईल.

हे बोलायचा अधिकार त्यांना होता. एल्फिन्स्टन कॉलेजात ते विद्यार्थी म्हणून बसले होते, सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापक म्हणून उभे राहिले होते. कोलंबिया आणि लंडनला विद्यापीठ कसे चालते हे त्यांनी आतून पाहिले होते. असा अनुभव गाठीशी असलेली माणसे त्या वेळी मुंबईत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळे विद्वानांचे बोलणे झाले, आपल्या समाजाचा यात कुठे संबंध आला? तो आला तीन वर्षांनी.

१९२७ च्या सुरुवातीला बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे नामनियुक्त सभासद झाले. १२ मार्चला शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी सरकारी अहवालातलेच आकडे सभागृहापुढे मांडले. प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंची ११९ मुले, मुसलमानांची ९२, मध्यम वर्गाची ३८ आणि मागास वर्गाची १८. माध्यमिक शाळेत लाखामागे पुढारलेल्यांची ३,०००, मुसलमानांची ५००, मध्यम वर्गाची १४०, मागास वर्गाची १४. आणि कॉलेजात? दोन लाखांमागे पुढारलेल्यांचे १,०००, मुसलमानांचे ५२, मध्यम वर्गाचे १४. मागास वर्गाचा एकही नाही. असलाच तर जेमतेम एक. वस्तीतल्या मुलांनी हे आकडे एकदा पाटीवर लिहून बघावेत. जिना जसजसा वर चढतो तसतशी आपली माणसे कशी गळत जातात, हे सांगायला दुसरे भाषण लागत नाही.

हे भाषण झाले १२ मार्चला. महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले ते २० मार्चला. मध्ये आठ दिवस.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कायद्याचे नवे विधेयक विधिमंडळात आले. सिनेटवर कोण असावे यावर मोठा वाद होता. शहाणी मंडळी म्हणत होती की सिनेट निवडणुकीने भरावी, पदवीधरांनी आपले प्रतिनिधी निवडावेत, सरकारी नेमणुका नकोत. लोकशाहीचे बोलणे होते आणि कर्झनच्या कायद्याचा अनुभव ताजा होता, त्यामुळे ते सर्वांना पटण्यासारखे होते. २७ जुलै १९२७ रोजी बाबासाहेब उठले आणि त्यांनी साधा प्रश्न केला. पदवीधर कोण आहेत? ज्या समाजाचा दोन लाखांत एकसुद्धा माणूस कॉलेजात नाही, त्याचा माणूस पदवीधरांच्या मतांवर कसा निवडून येणार? तेव्हा मागास समाजाला नेमणुकीने का होईना, सिनेटवर जागा पाहिजे.

विद्यापीठ हा विद्वानांचा मामला आहे, तिथे जातीजमातींचे प्रतिनिधी कशाला, असा आक्षेप होता. आजही तो वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. बाबासाहेबांचे उत्तर असे होते की अभ्यासक्रम ठरवायला तज्ज्ञ लागतात, ते बसवाच. पण विद्यापीठ कुणासाठी चालले आहे, कोण आत येऊ शकत नाही आणि का, हे तज्ज्ञाला घरबसल्या कळत नाही. ते ज्याच्या अंगावर बेतते त्यालाच ठाऊक. उच्च शिक्षण गरजू आणि गरीब माणसाच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे एक मूलभूत काम आहे, असे त्यांनी सभागृहाला बजावले. परीक्षेविषयीही ते तेव्हा बोलले. शिक्षण वेगळे आणि परीक्षा वेगळी. दर्जा वाढवण्याच्या नावाखाली परीक्षा इतकी कठीण करून ठेवायची की जो समाज अजून उंबऱ्यापर्यंतही आलेला नाही तो कायमचा बाहेरच राहावा, हा दर्जा नव्हे. आणि एक वाक्य तर त्यांनी असे उच्चारले की वाचताना आजही मान ताठ होते. त्याचा आशय असा: ऐहिक सुखे आम्ही एक वेळ सोडून देऊ, पण उच्चातल्या उच्च शिक्षणाचा लाभ घेण्याचा आमचा हक्क आम्ही सोडणार नाही.

महाडला पाण्यासाठी लढणारा समाज त्याच वर्षी विद्यापीठाच्या सिनेटवरही हक्क सांगत होता. पोटाला भाकर नाही आणि यांना सिनेट पाहिजे, असे हसणारे तेव्हा असतीलच.

१९२८ साली नवा कायदा झाला. सिनेट मोठी झाली, विद्वत्सभा आली. परंतु बाबासाहेबांना हवे तसे शिकवणारे, कॉलेजांना बरोबर घेणारे विद्यापीठ त्यातून एकदम उभे राहिले नाही. त्या दिशेचा कायदा यायला १९५३ साल उजाडले. मधल्या काळात त्यांनी वाट पाहत बसणे पसंत केले नाही. केंद्र सरकारच्या मागे लागून अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू करवली ती १९४४ ची गोष्ट. त्या शिष्यवृत्तीवर आपल्या वस्तीतली किती घरे उभी राहिली, हे वेगळे सांगायला नको. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि २० जून १९४६ रोजी मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज. सकाळचे वर्ग भरवून नोकरी करणाऱ्या पोरांना तिथे पदवीपर्यंत नेले गेले. जोतीरावांनी १८८२ साली मागितलेली गोष्ट अशी वेगळ्या रूपाने आली. पहाटे उठून वर्गाला बसायचे आणि तिथून थेट कामावर, अशी पदवी घेतलेले कितीतरी जण आपल्याला भेटतात. त्यांना विचारून बघा, सिद्धार्थचं नाव काढलं की त्यांचा आवाज बदलतो.

मग औरंगाबाद. आज ज्याला आपण आराखडा किंवा नियोजन म्हणतो, त्याचा याहून चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही. मराठवाडा तेव्हा नुकताच निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला होता. पाच जिल्हे आणि विद्यापीठ एकही नाही. औरंगाबादला इंटरपर्यंतचे सरकारी कॉलेज, पुढे पदवी घ्यायची तर हैदराबादला उस्मानियात जायचे. कोणत्याही हिशेबी संस्थेने विचार केला असता की मॅट्रिक झालेली मुलेच जिथे थोडी, तिथे कॉलेज काढून करायचे काय? बाबासाहेबांनी नेमका उलटा हिशेब केला. जिथे काहीच नाही, तिथेच आधी काढायचे. १९ जून १९५० रोजी कॉलेज सुरू झाले, १९५१ च्या सप्टेंबरात राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. नाव पडले मिलिंद, परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू. विद्यापीठाच्या कामाविषयी १९२४ साली लिहिलेले सगळे त्या दोन नावांत आले, असे मला वाटते. आणि कॉलेजबरोबर वसतिगृहे. खेड्यातल्या पोराला नुसता प्रवेश देऊन भागत नाही, त्याला झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण लागते, हे सोलापूरच्या वसतिगृहापासून त्यांना पाठ होते. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या हाताखाली आणि पुढे गंगाधर पानतावणे यांच्यासारख्यांच्या सहवासात तिथून शिक्षक, लेखक, कार्यकर्ते यांची पिढीच्या पिढी बाहेर पडली.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याचे पहिले कुलगुरू डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव राहिलेले गृहस्थ होते. म्हणजे धागा पुन्हा मुंबईशीच जुळला. विद्यापीठ यायच्या आठ वर्षे आधी त्या जागी विद्यार्थी तयार करून ठेवण्याचे काम मिलिंदने केले होते. पुढचा इतिहास आपल्या काळजावर कोरलेला आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. बाबासाहेब सिनेटवरच्या जागेसाठी उभे राहिले तीही तारीख २७ जुलैच, मध्ये एक्कावन्न वर्षे. ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांचे बळी गेले, १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका नावासाठी सोळा वर्षे. नावाला एवढा विरोध का झाला असेल? माझे उत्तर असे की नावाने दार कुणाचे हे ठरते, आणि हे विरोध करणाऱ्यांना आपल्यापेक्षा आधी समजले होते.

आता आजचे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. सरकारी कागदांत त्याला सम्यक योजना असेही म्हणतात. शब्द आपला आहे, अष्टांगिक मार्गातला. योजना सम्यक आहे की नाही हे मात्र वाचल्याशिवाय कळायचे नाही. कोणत्या भागात नवे कॉलेज निघू शकेल, कोणते अभ्यासक्रम वाढतील, हे या आराखड्यात ठरते. त्याला स्थळबिंदू म्हणतात. आराखड्यात आपल्या भागाचा बिंदू नसला तर कुणी कितीही अर्ज केले तरी तिथे नवे कॉलेज येत नाही. १९५० साली असा कायदा असता आणि नकाशावर बिंदू मांडणारे हिशेबी असते, तर नागसेनवनाच्या माळावर बिंदू पडला असता का, याची मला शंका आहे.

दुसरा बदल याहून मोठा आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की एका विद्यापीठाला शेकडो कॉलेजे जोडलेली ही पद्धत पंधरा वर्षांत हळूहळू बंद करायची. कॉलेजांनी स्वायत्त व्हावे, स्वतःची पदवी द्यावी किंवा समूहाने विद्यापीठ करावे. मुंबई विद्यापीठाला आठशेच्या वर कॉलेजे जोडलेली आहेत, त्यामुळे परीक्षा आणि निकाल यांचा भार वाहण्यातच त्याचे बळ संपते. हे दुखणे खरे आहे आणि ते बाबासाहेबांनी १९२४ सालीच दाखवून दिले होते. औषधाविषयी मात्र माझ्या मनात किंतु आहे. २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले, त्यात एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम ही दोन्ही कॉलेजे गेली. ज्या वर्गात बाबासाहेब शिकले आणि ज्या वर्गात त्यांनी शिकवले, ते दोन्ही वर्ग आज मुंबई विद्यापीठात नाहीत. ती कॉलेजे एकत्र आली, प्राध्यापक, ग्रंथालये एकमेकांना देऊ शकतील, हे बाबासाहेबांच्या म्हणण्याच्या जवळ जाणारे आहे. पण त्यांनी मागितले होते कॉलेजांनी विद्यापीठात बरोबरीने येणे; आपण पाहतो आहोत चांगल्या कॉलेजांचे विद्यापीठातून बाहेर पडणे. जी नावाजलेली आहेत, ज्यांच्याकडे इमारत, निधी, जुना लौकिक आहे, ती आपापल्या पायावर उभी राहतील. उपनगराच्या टोकाला किंवा कोकणातल्या तालुक्याच्या गावी दोन मजल्यांत भरणाऱ्या कॉलेजांचे काय? आपली बहुतेक मुले तिथे आहेत. स्वतःची पदवी देणाऱ्या कॉलेजात फी कोण ठरवणार, शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा आले तर मुलाला परीक्षेला बसू देणार की नाही, वसतिगृह असणार की नाही, हे प्रश्न विचारणारा माणूस ठरवणाऱ्यांच्या टेबलावर असला पाहिजे.

चार वर्षांच्या पदवीचेही तसेच. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, चौथे केले तर ऑनर्स. कायद्यात दोन्ही वाटा सारख्याच मोकळ्या आहेत. चौथ्या वर्षाचा खर्च मात्र सगळ्या घरांना सारखा झेपत नाही. पुढे नोकरीच्या जाहिरातीत ऑनर्सवाल्याला प्राधान्य मिळू लागले, तर तीन वर्षांवर थांबलेला कोण असेल, हे १९२७ चे आकडे वाचलेल्याला सांगावे लागत नाही.

आणि टेबल कुठले? तेच, ज्यासाठी बाबासाहेब भांडले होते. आजच्या कायद्यात सिनेटला अधिसभा म्हणतात आणि बृहत् आराखडा मंजुरीसाठी तिच्यापुढे येतो. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सभासद निवडून जातात, त्यांतल्या पाच जागा राखीव आहेत: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांसाठी प्रत्येकी एक. १९२७ साली आपल्याकडे पदवीधर नव्हते म्हणून नेमणूक मागावी लागली. आज आपल्या विहाराच्या परिसरात घरटी एक तरी पदवीधर सापडतो. गेल्या वर्षभरात मी सहज म्हणून भेटेल त्या पदवीधराला विचारत गेलो की, मतदार म्हणून नाव नोंदवले आहे का? बहुतेकांनी उलट मलाच विचारले, ही निवडणूक असते कुठली? एका भगिनीने तर, त्या स्वतः एम.ए. आहेत, पदवीचा कागद बँकेच्या लॉकरमधून काढून मला दाखवला. जपून ठेवला होता, एक घडीसुद्धा पडलेली नव्हती. नोंदणीच्या अर्जाला त्याच कागदाची प्रत लागते, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, मग ह्याच्या दोन झेरॉक्स आजच काढून ठेवते."

१९२४ चे उत्तर आणि १९२७ ची भाषणे महाराष्ट्र शासनाने १९८२ साली काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहेत. तो खंड आपल्या विहाराच्या कपाटात खालून दुसऱ्या फळीवर आहे, पुठ्ठा थोडा सुटला आहे. इंग्रजी अवघड वाटले तर रविवारी वंदनेनंतर अभ्यासिकेत बसून आपण ते चार-चार पानं मराठीत वाचतो. मागच्या रविवारी सहावा प्रश्न संपला.